पुढच्याच्या नजरेने

झाशीच्या छावणीतील सदर बाजारात, दुकाने उघडण्यापूर्वी, आठ मोटारी एकामागे एक उभ्या आहेत अशी कल्पना करावी. मोटार हाच ज्यांचा छंद, अशी ही मंडळी नागपुराहून सिवनी, सागर, ललितपूर करीत आदल्या रात्री येथे मुक्कामाला आली आहेत. श्रीनगरहून कन्याकुमारीला आणि पोरबंदरहून सिलचरला जाणारे दोन महामार्ग झाशीपाशीच एकमेकांना छेदतात. काचा पुसल्या जातात, चहा होतो, क्रम ठरतो. सर्वांत अनुभवी चालक पुढे, दुसरा जाणता सर्वांच्या मागे, नवखे मध्ये. व्यवस्था निर्दोष दिसते. तरीही प्रश्न येथेच उद्भवतो: मधल्या सहा जणांनी आता रस्ता कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचा?

झाशी म्हटली की मराठी वाचकाला राणी लक्ष्मीबाईंच्या जोडीने विष्णुभट गोडसे आठवतात. वरसईचे हे भिक्षुक 1857 मध्ये काकांसह उत्तरेकडे निघाले आणि 1858 च्या वेढ्यात झाशीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. त्या काळी दूरच्या वाटेवर एकट्याने निघणे हा अविचार गणला जाई. ‘सोबत’ या मराठी शब्दात संगती आणि संरक्षण हे दोन्ही अर्थ एकजीव झाले आहेत, ते बहुधा अशाच वाटांवर. मोटारींचे छांदिष्टही ताफ्याने निघण्याचे हेच कारण सांगतात, आणि ते खोटे नाही. आडरानात टायर फुटले, इंजिन तापले, कोणाला भोवळ आली, तर सात गाड्यांतील माणसे धावून येतात. परंतु ही सोबत थांबलेल्या गाडीच्या उपयोगाची आहे. धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत तिचा अर्थ पालटतो.

ताशी 80 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. दुपदरी रस्त्यावर समोरून ताशी 60 च्या वेगाने ट्रक येत असेल, तर दोघांमधील अंतर दर सेकंदाला 39 मीटरांनी आटते. पुढारी गाडीने ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागे टाकले, त्याने समोरचा रस्ता नीट पारखला होता आणि त्याचा निर्णय बरोबरही होता. मागचा तीन सेकंदांनी त्याच जागी येतो, तेव्हा समोरची सुमारे पन्नास मीटरांची जागा नाहीशी झालेली असते. त्याला दिसते ती केवळ पुढच्याची पाठ. वॉकीटॉकीवरून शब्द येतात, ‘मोकळं आहे, या!’ हे वाक्य असत्य नाही. उच्चारणाऱ्यापुरते, उच्चारण्याच्या क्षणापुरते ते सत्यच आहे. ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचेतो त्याचे सत्यत्व संपलेले असते. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण पाउलवाटेवर जन्मली. महामार्गावर ती उलटी होते: पुढच्यास वाट मिळाली, म्हणून मागचा बेसावध.

आणखी एक गोष्ट ताफ्यात न गेलेल्यांच्या ध्यानी येत नाही. पुढच्या गाडीने थोडा वेग कमी केला की मागच्यांना अधिक कमी करावा लागतो, आणि तुटलेले अंतर भरून काढताना शेवटच्याला पहिल्याहून अधिक वेगाने धावावे लागते. म्हणजे पुढारी संयमाने ताशी 80 च्या वर जात नाही, आणि त्याच्या संयमापायी कोणी मागे 110 गाठतो. (चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून चालण्याची प्रौढीची चाल निराळीच, तिच्यामुळे कोण कोठे वळणार हे कोणालाच कळत नाही.)

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 189 वे कलम राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून लावलेल्या शर्यतीला गुन्हा मानते. 2019 च्या दुरुस्तीने त्याची शिक्षाही वाढविली. परंतु ताफ्यातील शर्यत कोणी लावलेली नसते. ती मागे पडण्याच्या लाजेतून सुरू होते, आणि या लाजेला कोणतेही कलम लागू होत नाही. कायदा एकेका चालकाला ओळखतो. ‘सगळेच गेले, म्हणून गेलो’ असे म्हणणाऱ्याला तो सोडीत नाही, आणि ‘या’ म्हणणाऱ्याला सहसा विचारीत नाही. नीतीला मात्र दोघांनाही विचारणे भाग आहे. ज्याने आपली दृष्टी उसनी दिली त्याचा दोष, ज्याने ती उसनी घेतली त्याच्या दोषातून वजा होत नाही.

यावर कोणी म्हणेल की समूह म्हटला की हे आलेच. तसे नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोहळ्यात रथापुढे 27 दिंड्या ठरल्या क्रमाने चालतात आणि मागे कित्येक. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की सारे टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, मगच आरती. एवढ्या अफाट समुदायात अडलेल्याला समूहाला थांबविण्याचा अधिकार आहे, आणि तो वापरल्याबद्दल कोणी त्याला भेकड म्हणत नाही. अवघ्या आठ मोटारींच्या ताफ्यात हा अधिकार कोणाकडे असतो?

शिवाय ताफ्यातले निदान स्वखुशीने निघालेले असतात. ट्रकचा चालक, ट्रॉलीवर गवताच्या भाऱ्यांवर बसलेल्या बाया, कडेने सायकल हाकणारा शाळकरी मुलगा यांना या सहलीचे आमंत्रण नव्हते. त्यांच्या वाट्याचा धोका पत्करण्याचा हक्क पुढाऱ्यालाही नाही.

ओरछ्याजवळ बेतवेवर एक जुना, ठेंगणा आणि अरुंद पूल आहे. ताफ्यातील चार गाड्या त्यावरून गेल्या आणि पाचवा अलीकडेच थांबला, कारण पलीकडून बैलगाडी निघाली होती. मागचे तिघेही खोळंबले. वॉकीटॉकीवर दोनदा हाक आली. त्याने ‘थांबलोय’ एवढेच उत्तर दिले. बैलगाडी पूल उतरून शेजारून गेली, तेव्हा गाडीवानाने हात वर केला. पुढे ढाब्यावर चारजणांचा चहा संपत आला होता. ‘काय राव, झोप लागली काय?’ असे एकाने विचारले आणि सगळे हसले. पाचवाही हसला, खुर्ची ओढून बसला. पुढाऱ्याने आपला पेला खाली ठेवून त्याच्याकडे पाहिले; दुपारचा क्रम अजून ठरावयाचा होता.