आशेला मुदत असावी काय?

शाळा संपली म्हणजे चिंता सुरू होते, हे आमच्या खेड्यांतील बहुतेक घरांस ठाऊक आहे. बारावीचा निकाल लागला किंवा पदवी हाती आली, की तरुणास तीन प्रश्न पुसले जातात : पुढे काय करणार, पैसा कोठून आणणार, आणि स्थिर केव्हा होणार? पुसणारे बहुधा मायाळूच असतात. तथापि ज्यास हे रोज ऐकावे लागते त्याची झोप उडते. त्यास उपदेशही पुष्कळ मिळतो. कोणी म्हणतात धीर धर, कोणी म्हणतात प्रयत्न सोडू नको. हा उपदेश खोटा नाही. परंतु त्यात एक प्रश्न राहून जातो, तो हा की, दुसऱ्याच्या खर्चाने मनुष्याने किती काळ आशा करीत राहावे?

उदाहरणार्थ, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी घ्या. तिच्यासाठी गावोगावची हजारो मुलेमुली पुण्यास जातात. सदाशिव पेठेत व आसपास एका खाटेपुरते भाडे देऊन राहतात, मेसमध्ये जेवतात, आणि अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसतात. ह्यांस आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. शिवाय कित्येक गोष्टी त्यांच्या हाती नसतात. ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा महामारीच्या काळात पुन्हा पुन्हा पुढे जाऊन अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. परीक्षा पुढे जाते, पण घरचे कर्ज थांबत नाही आणि वयही थांबत नाही. सरकारने २०१६ साली वयाची मर्यादा खुल्या वर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत वाढविली. त्यामुळे पुष्कळांस दिलासा मिळाला. परंतु दार किती वर्षे उघडे आहे एवढेच नियम सांगतो. त्या दारापाशी किती वर्षे उभे राहावे, हे ज्याचे त्यानेच ठरवावे लागते.

आणि हे ठरविणे केवळ सोयीचे नव्हे, तर नीतीचे काम आहे. कारण आशा फुकट नसते. तिच्यासाठी बापाने सोसायटीचे कर्ज काढलेले असते, आईने मजुरीचा एक दिवसही चुकविलेला नसतो, आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण 'दादाचे होऊ दे, मग पाहू' असे म्हणून थांबविलेले असते. ज्या आशेस मुदत नाही, ती घरावरचे कर्ज होय. आणि ज्या कर्जाची मुदत लिहिलेली नाही ते बहुधा दुर्बळासच फेडावे लागते.

ह्यावर कोणी म्हणेल, मुदत घालणे म्हणजे धीर सोडणे होय. अमक्याचा मुलगा सहाव्या खेपेस पास झाला नाही काय? झाला, आणि त्याचा फलक चौकात लागला. पण जे सहाव्या खेपेसही राहिले त्यांचे फलक कोणी लावीत नाही. म्हणून ते किती आहेत हे चौकात उभे राहून कळत नाही.

आमचा शेतकरी ह्या बाबतीत अधिक शहाणा आहे. मृग कोरडा गेला, आर्द्राही गेली, आणि मूग-उडदाच्या पेऱ्याची वेळ टळली, की तो तेच बियाणे हाती धरून आभाळाकडे पाहत बसत नाही. तो बाजरी किंवा तूर पेरतो. त्याने शेतावरचा विश्वास सोडला असे कोणी म्हणते काय? त्याने पीक बदलले. पेरणे सोडले नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले. त्यांनी शिकवण्या केल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरले. ह्याच मनुष्याने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. नांगर विकणे हे त्यांस कमीपणाचे वाटले नाही. प्रेषित पौलही तंबू करण्याचा धंदा करीतच उपदेश करीत असे. हाताचे काम हा हरलेल्याचा आसरा आहे, ही समजूत ज्या दिवशी आमच्या मंडळ्यांतून जाईल, त्या दिवशी तरुणांची अर्धी चिंता जाईल.

म्हणून आमचे तरुणांस सांगणे असे की, तयारीस बसण्यापूर्वीच आईबापांसमोर कागदावर लिहा : किती वर्षे, दरमहा किती रुपये, ते कोण देणार, आणि त्याच काळात कोणते दुसरे काम शिकणार. आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा व फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा असतो, हेही त्या कागदावर असू द्या. जी चिंता वर्षांत व रुपयांत मोजता येते, ती रात्री छातीवर बसत नाही.

मुलींविषयी मात्र उलट सांगितले पाहिजे. मुलाच्या आशेस कोणीच मुदत घालीत नाही, आणि मुलीच्या आशेस सगळेच घालतात. भावास पाच वर्षे व बहिणीस एक, आणि मग लग्न. हा न्याय नव्हे. कागद दोघांचा सारखा असावा.

शेवटी वडील मंडळींस एक विनंती. मुदत संपल्यावर मुलगा गावी परत येतो, तेव्हा देवळाच्या पायरीवर किंवा लग्नाच्या मांडवात त्यास 'काय, नाहीच लागली नोकरी?' असे पुसू नका. मुदत पाळणे त्याचे काम आहे. ती पाळणाऱ्यास लाज वाटू न देणे तुमचे. कित्येक तरुण परीक्षेच्या लोभाने नव्हे, तर ह्या एका प्रश्नाच्या भयाने शहरात वर्षे घालवितात. त्यास घरी बोलवा, जेवू घाला, आणि उद्या सकाळी आपल्याबरोबर कोणते काम करशील, एवढेच पुसा.