कांटचा वाणी आणि आमची पिशवी

इमॅन्युएल कांट नावाचे एक जर्मन तत्त्वज्ञ होऊन गेले. लग्न केलं नाही, गावापासून फार लांब कधी गेले नाहीत, त्यामुळे विचार करायला त्यांना सवड भरपूर. 1785 साली त्यांनी नीतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक वाणी आहे. लहान पोर एकटं दुकानात आलं तरी हा त्याला फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव. आपण म्हणू, काय सज्जन माणूस! कांट म्हणतात, थांबा. तो गिऱ्हाईक टिकावं म्हणून प्रामाणिक असेल, तर वागणं बरोबर. पण नीतीचे मार्क मिळायचे नाहीत.

हा वाणी भेटला आणि मला एकदम आमची आई आठवली.

आमच्या घरात कापडाला लवकर मोक्ष नसे. वडिलांची पँट गुडघ्यावर विरली की थोरल्याची हाफपँट. ती पुढे माझी. माझ्या तावडीतून जे उरे त्याची बाजाराची पिशवी, मग पायपुसणं, आणि शेवटी स्टोव्ह पुसायचं फडकं. वाण्याच्या पुड्याचा दोरासुद्धा आई रिळाला गुंडाळून ठेवी. पृथ्वी वाचवावी असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल. तिला वाचवायची असे ती महिन्याची वीस तारीख. म्हणजे कांटांच्या शाळेत आई नापास!

उलट आम्ही बघा. महाराष्ट्रात 23 जून 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवरच्या बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. तेव्हापासून आमच्याकडे कापडी पिशव्यांची वीण जी वाढली, ती आज एकतीसवर आली आहे. मुंजीतली, साडीच्या दुकानातली, परिसंवादातली. एकीवर तर अख्खा पृथ्वीगोल छापलाय. हेतू शंभर नंबरी.

त्याच 2018 साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने एक हिशेब मांडला. कापूस म्हटला की पाणी आलं, खत आलं, फवारणी आली, पुढे गिरणी. तेव्हा पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी व्हायला सुती पिशवी किती वेळा वापरावी? नुसतं हवामान धरलं तर 52 वेळा. सगळ्या बाजू धरल्या तर 7,100 वेळा! रोज एकदा भाजी आणली तर साडेएकोणीस वर्षं. आमच्या एकतीस पिशव्यांची झाली सहाशेच्या वर. एवढी भाजी खाण्याइतकं आयुष्य आमच्या घराण्यात कुणाला नाही.

"मग काय, प्लास्टिकच आणायचं का?" आमच्या हिने विचारलं.

तसंही नाही. त्या हिशेबात रस्त्यावर फेकलेल्या पिशव्या धरलेल्याच नाहीत. 26 जुलै 2005 ला मुंबईची तुंबलेली गटारं ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळा आकडा नको. पिशवी कापडाचीच हवी, पण एक. आणि ती विटेपर्यंत.

म्हणजे पुन्हा आईच. पण मग आईची पिशवी आमच्यापर्यंत का पोचली नाही? इथे मात्र कांट मला गाठतात. आई पिशवी शिवी ती अडचणीपोटी. आमचे पगार वाढले, अडचण गेली, आणि जाताना पिशवी घेऊन गेली. फायद्यासाठी खरं तोलणारा वाणी फायदा फिरला की काटा मारणारच.

तरीपण राहून राहून वाटतं, सगळ्यांच्या मनात कर्तव्य उगवेपर्यंत गटारांनी थांबायचं कुठवर? इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2015 पासून मोठ्या दुकानांना प्लास्टिकच्या पिशवीमागे पाच पेन्स घेणं भाग पडलं. पुढे काही वर्षांत त्या दुकानांतली पिशव्यांची विक्री शेकडा 95 हून अधिक घटली. पाच पेन्सांत अख्खा देश सत्प्रवृत्त झाला, हे मला कुणी सांगू नये. चिक्कूपणा ही माणसाची बारमाही वाहणारी नदी आहे. तिच्यावर एखादी पाणचक्की बसवली तर कांटांनी रागावू नये.

आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी कांट वाचलेला नाही. त्या कापडी पिशवीचे रोख दहा रुपये घेतात. परवा मोटारीतून उतरलेले एक गृहस्थ त्या दहा रुपयांवरून मावशींशी पाव तास भांडले.

"घरनं आणा की सायेब," मावशी म्हणाल्या, "दहात कोथिंबीर देते."

गृहस्थ तरातरा निघून गेले आणि दहा मिनिटांनी परत आले ते हातात पिशवी घेऊन. करड्या रंगाची, बंद जरा तोकडे. कापड जुन्या पँटचं असावं.