एका रात्रीत उठलेलं गाव

आमचे जावई फौजेत आहेत. त्यांची बदली जैसलमेरला झाली तेव्हा लेकीकडं आम्ही दोघं नवरा-बायको पंधरा दिवस राहून आलो. माघ महिना होता. एका सुट्टीच्या दिवशी जावई म्हणाले, "मामा, चला, कुलधरा बघून येऊ. वीसेक किलोमीटर आहे." ही म्हणाली, "पडक्या भिंती बघायला एवढ्या लांब कशाला? आपल्याकडं काय कमी हायती?" तरी निघालो.

कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ओस पडलं. पिवळसर दगडाच्या चारशेच्या वर घरांचे अवशेष, सरळ गल्ल्या, मधोमध देऊळ. बहुतेक घरांवर छप्पर नाही. थोडी घरं मात्र पुन्हा नीट उभी केलीत. तसल्या एका घरात शिरताना हिनं सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या. बाकीचे लोक चपलांसकट आत-बाहेर करत होते. मग मीही काढल्या.

तिथं एक जण गोष्ट सांगत होता. सालिमसिंग नावाचा जैसलमेरचा दिवाण होता. त्याची गावातल्या एका पोरीवर नजर गेली. तेव्हा पालीवालांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली, आणि जाताना शाप देऊन गेली की इथं पुन्हा कुणी नांदणार नाही. ऐकणारे खूश झाले, फोटो काढायला लागले. मला काही ती पटेना. दिवाणाचा जाच खरा असेल, करही डोईजड असतील. पण विहिरी आटल्या, पाणी तुटलं आणि माणसं हळूहळू पांगली, असंही जाणकार सांगतात. एका रात्रीत भांडी उचलता येतात. जनावरं, दाणागोटा, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं कशी उचलणार?

परतताना जावयांनी खडीन दाखवलं. ही शेतीची रीत पालीवालांचीच. तिथं वर्षाला पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आजूबाजूच्या खडकाळ उतारावरचं पाणी वाहून सखल रानात येतं. तिथं आडवा मातीचा लांब बांध घालून ते अडवायचं. जास्तीचं सांडव्यातून जातं. पाणी जिरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, वरून पाणी देणं नाही. समोर हरभरा घाट्यांवर आला होता. मी वाकून माती उकरली, बोटभर खाली गार ओल लागली.

बांधावर बसलो आणि मनात आलं, हा बांध एकट्याच्यानं राखला जात नाही. चार घरं उठली की त्यांच्या वाटणीची माती कोण टाकणार? मग उरलेल्यांच्या अंगावर ओझं वाढतं. एका पावसात बांध फुटतो आणि ज्यांना जायचं नव्हतं त्यांनाही जावं लागतं. मग गाव कुणी मोडलं? दिवाणानं, पावसानं, का आधी गेलेल्यांनी?

हा प्रश्न मला त्या दिवशी सुचला असं नाही. आमचं जुनं गाव धरणात गेलं तेव्हा मी सातवीत होतो. नव्या वसाहतीत दर जत्रेला आम्ही पोरांना सांगतो, "सगळं गाव एका दिवशी उठलं, पुढं देवाची पालखी." ऐकायला बरं वाटतं. खरं असं की पालखी आमच्याच गाडीत निघाली, आणि मागं गावात अजून तीसेक घरं होती. आबांनी पहिल्याच यादीत नाव घातलं, काळं रान पदरात पाडून घेतलं. दाराची चौकटसुद्धा काढून आणली. सामाईक विहिरीचा गाळ काढायला मागं माणसं उरली नाहीत. माझी एक चुलती शेवटपर्यंत राहिली, एका पावसाळ्यात गढूळ पाणी गाळून प्यायली. वाट्याला मुरमाड आलं. तिची पोरं आमच्याच रानात रोजानं आली.

आबांचं चुकलं का? घरात खाणारी सात तोंडं होती. मी त्यांच्या जागी असतो तर वेगळं केलं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. गाव सोडणं हा गुन्हा नव्हे. पण "सगळे एकदमच उठलो" ही गोष्ट सांगितली की कुणी कुणाला मागं टाकलं नाही असं होतं, आणि देणंही उरत नाही. पडकी भिंत पुन्हा बांधता येते. तिच्यासोबत गोष्टही गुळगुळीत लिंपली तर आधी गेलेला आणि मागं राहिलेला सारखेच दिसतात.

यंदाच्या जत्रेत नातवानं विचारलं, "आजोबा, सगळं गाव एकाच दिवशी उठलं ना?" चुलतीचा थोरला शेजारीच बसला होता. तो खाली बघत होता.

मी म्हटलं, "नाही बाळा. पहिली गाडी आपली होती."