हात थरथरण्याच्या बाजूनं

डार्ट्सच्या बोर्डावर 20 हा सगळ्यात मोठा आकडा, आणि त्याच्या एका बाजूला 1, दुसऱ्या बाजूला 5. ज्यानं कुणी हा बोर्ड आखला त्याला माणसाचा लोभ आणि माणसाचा हात, दोन्ही चांगले माहीत असणार. 20च्या पट्ट्यात तिप्पट गुणांची एक अरुंद जागा असते. तिची उंची 8 मिलिमीटर, म्हणजे तुम्ही हे ज्या मोबाइलवर वाचताय त्याच्या जाडीएवढी. तिथं डार्ट लागला तर 60 गुण. बोटभर बाजूला गेला तर 1. आणि हे 2.37 मीटरवरून साधायचं.

इंग्लंडमधल्या पबमध्ये वाढलेला हा खेळ आमच्या कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये प्लायवूडच्या तुकड्यावर टांगलेला आहे. मी दोन वर्षं खेळतेय आणि जे शिकले ते बरंचसं कंटाळवाणं आहे. पुढचा पाय रोज त्याच जागी. वजन त्याच पायावर. खांदा आणि दंड गप्प, हलायचं ते कोपराच्या पुढच्या भागानं. डार्ट सुटल्यावर हात मागे ओढायचा नाही, बोटं लक्ष्याच्या दिशेनंच राहू द्यायची. तिन्ही डार्ट भलत्याच जागी पण एकमेकांना चिकटून लागले, तर त्या दिवशी खूश व्हायचं. नेम सरकवता येतो, विखुरलेपणा दुरुस्त करायला महिने जातात.

मनाचं मात्र असं पायरी-पायरीनं सांगता येत नाही. डाव 501 वरून खाली येत शून्यावर संपतो, आणि शेवटचा डार्ट दुप्पट गुणांच्या जागीच लागावा लागतो. तोपर्यंत माझं सगळं ठीक चाललेलं असतं. मग मैत्रीण म्हणते, "आता फक्त डबल सोळा," आणि माझं कोपर दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

यावर उपाय सांगणाऱ्या रील्सना तोटा नाही. श्वास मोजा, मन रिकामं करा, निकाल विसरा. श्वासाचा उपयोग होतो, नाही असं नाही. मला खटकते ती त्यामागची समजूत, की शांत मन हे केवळ उपयोगी नसून चांगलंही असतं. ज्याचा हात थरथरत नाही तो माणूस म्हणून एक पायरी वर असतो. 'स्थितप्रज्ञ' हा शब्द आपण क्रिकेटच्या कप्तानाला किती सहज चिकटवतो! गीतेतून निघाला आणि धावफलकावर येऊन बसला.

3 जानेवारी 2023 ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक अंतिम सामना होता. दुसऱ्या सेटमध्ये नेदरलँड्सच्या मायकेल व्हॅन गेर्वेननं आठ डार्ट अचूक मारले. नववा डबल 12 ला लागला असता तर डाव नऊ डार्टांत संपला असता. 501 संपवायला त्याहून कमी डार्ट पुरतच नाहीत. तो हुकला. पुढची पाळी मायकेल स्मिथची. त्याचेही सहा डार्ट अचूक लागलेले, त्याचेही 141 उरलेले, आणि त्यानं तेच तीन डार्ट मारले: तिप्पट 20, तिप्पट 19, डबल 12. तिन्ही लागले. सामनाही त्यानं 7-4 असा जिंकला.

हा स्मिथ 2019 आणि 2022 चा अंतिम सामना हरलेला होता. त्या क्षणी त्याला निकालाची फिकीर नव्हती, असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसणार नाही.

रोमच्या सिसेरोनं इसवी सनपूर्व 45 मध्ये लिहिलेल्या एका ग्रंथात स्टोइक तत्त्वज्ञांची बाजू मांडताना धनुर्धराचा दाखला येतो. सरळ नेम धरण्यासाठी शक्य ते सगळं करणं, हेच त्याचं अंतिम साध्य. बाण लागणं ही निवडण्याजोगी गोष्ट, पण हव्यास धरण्याजोगी नव्हे. हे आपल्या ओळखीचं वाटतं. माझी अडचण अशी की डार्ट्समध्ये ही विभागणी टिकत नाही. 8 मिलिमीटरवर नेम धरायचा तर त्या 8 मिलिमीटरची आस लागतेच. जिथं लागेल तिथं चालेल, असं खरोखर वाटणारा माणूस कोपर जागेवर ठेवण्याचे कष्ट घेईल कशाला? आस ठेवायची आणि बोटं सैल सोडायची, दोन्ही एकाच वेळी. मला तरी हे त्यागापेक्षा कसरतीसारखं वाटतं.

आणि कसरत म्हटलं की ती सज्जनाला येते तशी दुर्जनालाही येते. ऑयगेन हेरिगेल हा जर्मन प्राध्यापक 1920 च्या दशकात जपानमध्ये धनुर्विद्या शिकला. बाण आपण सोडायचा नसतो, तो आपोआप सुटला पाहिजे, या शिकवणीवर त्यानं 1948 मध्ये लिहिलेलं पुस्तक आजही मन:शांतीच्या कपाटात सापडतं. हाच हेरिगेल 1937 मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला होता. अहंकार विरघळवण्याची विद्या त्याला त्यापासून अडवू शकली नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर शाळेतच भेटतं. द्रोणानं विचारलं, काय दिसतं? अर्जुनाला ना झाड दिसलं, ना फांदी, नुसता पक्ष्याचा डोळा. फळ्यावर लिहावं असं हे उत्तर, आणि लिहिलं जातंही. पण त्याच अर्जुनाच्या अव्वलपणासाठी एकलव्याचा अंगठा गेला. नुसता डोळा दिसणाऱ्याच्या नजरेतून काय काय सुटतं, याचा धडा कुणी घेत नाही. पुढे कुरुक्षेत्रावर गांडीव हातातून निसटतं, कारण आता त्याला समोर आजोबा, गुरू, भाऊ दिसतायत. गीता त्याला पुन्हा उभं करते, हे मान्य. तरी मला त्या निसटत्या धनुष्याबद्दल फार आदर आहे. मनाला उमगण्याआधी हाताला काहीतरी उमगलं होतं.

डार्ट्समध्ये हात नकार देतो त्याला 'डार्टायटिस' म्हणतात. नेम लागलेला असतो, कोपर वर असतं, आणि बोटं डार्ट सोडतच नाहीत. एरिक ब्रिस्टोला 1986-87 च्या सुमारास हे सुरू झालं. 1980 ते 1986 या काळात पाच वेळा जगज्जेता झालेला हा माणूस, गर्वासाठी प्रसिद्ध. त्या हातानिशी तो आणखी चार अंतिम सामन्यांत पोहोचला आणि चारही हरला. ब्रिस्टो काही संत नव्हता. 2016 मध्ये लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या फुटबॉलपटूंबद्दल तो समाजमाध्यमावर इतकं वाईट बोलला की वाहिनीनं त्याचं काम काढून घेतलं. हात थरथरला म्हणून माणूस आपोआप हळवा होतो, असंही नाही.

पण एक गोष्ट त्यानं केली. सिरॅमिकच्या कारखान्यात काम करणारा एक खेळाडू त्याला आवडला. नोकरी सोडून पूर्ण वेळ खेळता यावं म्हणून ब्रिस्टोनं त्याला काही हजार पौंड उसने दिले. त्याचं नाव फिल टेलर. पुढे तो 16 वेळा जगज्जेता झाला. त्यातलं पहिलं जेतेपद 1990 चं. त्या अंतिम सामन्यात त्यानं ब्रिस्टोला 6-1 असं हरवलं.