शीव ठरवायची कोणी?

जिंतूर तालुक्यातलं बोरी. मामांची ओसरी. भाचा नोकरीपायी फुरसुंगीला राहतो.

मामा : तुमचं गाव पुणे महापालिकेत गेलं होतं ना? बाहेर कसं आलं?

भाचा : ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं आत घेतली, त्यांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची. कर महापालिकेचा लागला, पाणी मात्र टँकरचंच. लोक पेटले. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही गावांची वेगळी नगरपरिषद झाली.

मामा : बरं झालं. गावाला नको तर कशाला डांबून ठेवायचं?

भाचा : पण पुण्याचा कचरा डेपो त्याच शिवारात आहे. वर्षानुवर्षं शहराचा कचरा तिथं पडला. गाव वेगळं झालं, ढीग तिथंच. नुसती गावाची मर्जी पाहिली, तर शहराची जबाबदारी कोण धरणार? आणि शहराला विचारावं, तर त्याची मतं जास्त. गाव कायम हरणार.

मामा : दोघं समोरासमोर बसत नाहीत का?

भाचा : कायद्यात तशी पायरीच नाही. सरकार महापालिकेचा सल्ला घेतं, हरकती मागवतं आणि अधिसूचना काढतं. कल्याण-डोंबिवलीची सत्तावीस गावं १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. २०२० मध्ये त्यांतली अठरा वगळली, तर महापालिकेशी सल्लामसलत झाली नाही म्हणून उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला.

मामा : आपल्याकडं भावांच्या वाटणीत रान वाटतात, विहीर सामाईक ठेवतात. मोटारीची पाळी आधी ठरते, दिवसा कोण, रात्री कोण. मग बांध पडतो. पाळी न ठरवता बांध घातला, की भाऊ कोर्टात.

भाचा : भाऊ बरोबरीचे असतात, मामा. पुणे आणि फुरसुंगी नाहीत.

मामा : म्हणून तर सरकारनं मध्ये बसून धाकट्याची बाजू सावरायची. कचरा, पाणी, कर यांचा करार आधी, हद्द नंतर.

भाचा : आणि करार जमलाच नाही तर? गावानं किती वर्षं थांबायचं?

मामा : (थांबून) त्याला माझ्याकडं उत्तर नाही. थांबणाऱ्याचंच नुकसान होतं, हे खरं.

भाचा : उद्या बोरीची नगरपंचायत करायचं निघालं तर?

मामा : ग्रामसभा जाईल, कर वाढेल, रस्ते कदाचित सुधारतील. तरी मी आधी एवढंच विचारीन, की जी वस्ती हद्दीबाहेर राहील तिला पाणी कुठून देणार? ते कागदावर आलं नाही, तर माझी लेखी हरकत राहील.