परान्न

माझ्या सासूबाई परान्न घेत नसत. लग्नाकार्याला गेल्या तरी त्यांच्या पिशवीत दशम्यांचा आणि चटणीचा डबा असे. यजमानांनी कितीही आग्रह केला तरी त्या हसत आणि म्हणत, "अहो, नेम आहे." त्यांचा तो नेम मी पुढे चालवला नाही. चालवला नाही याचा मला मनातून थोडा अभिमानच होता. गेल्या श्रावणात येथे जे घडले त्यानंतर मात्र तो अभिमान पहिल्यासारखा राहिलेला नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला हे कदाचित थोडे आंबट लागेल. पण गोडाच्या ताटातही लोणच्याची फोड असतेच.

मी शेंडीला राहते. भंडारदऱ्याच्या धरणाला खेटून असलेले हे गाव. शाळेत नोकरी केली ती याच पट्ट्यात, आणि निवृत्त झाल्यावर खाली अकोल्याला किंवा पुण्याला जावे असे कधी वाटले नाही. धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी प्रवरेने खाली उतरते आणि संगमनेर-श्रीरामपूरकडचा ऊस पिकवते. वर आमच्याकडे पाऊस, धुके आणि पाहुणे. पावसाळ्यात धबधब्यांसाठी, जूनच्या तोंडाशी काजव्यांसाठी माणसांची नुसती रीघ लागते. पूर्वी या पाहुण्यांना पिठले-भाकरी पुरत असे. आता हॉटेलांच्या पाटीवर काय काय वाचायला मिळते!

श्रावणात मुलगी, जावई आणि नात आली होती. नात पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकते. "आजी, तुला आज सयामी जेवण घालते," असे म्हणून तिने मला तलावाकाठच्या एका हॉटेलात नेले. हा प्रकार मला अगदीच नवा नव्हता. पुण्याला कोरेगाव पार्कात 'मलाका स्पाइस' १९९७ पासून आहे. तेथे मुलीने मला एकदा नेले होते. पण भंडारदऱ्याला, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, पुढ्यात हिरवी थाई करी यावी याची मला गंमत वाटली.

पहिल्याच घासाला मी थांबले. नारळाचे दूध ओळखीचे होते, मिरचीही ओळखीची होती. पण त्यांच्या मागून गवती चहाचा वास आला. माझ्या परसात न्हाणीच्या पाण्यावर त्याचा झुबका माजलेला आहे. दाताखाली एक चिवट तुकडा आला आणि मी एकदम सात वर्षांची झाले. कोष्टकोळिंजन! घसा बसला की आजी जे उगाळून मधातून चाटवी ते. आमच्याकडे जे औषधाच्या बटव्यात राहिले ते सयामात रोजच्या पातेल्यात पडले. तेवढ्याने केवढा फरक झाला! मी ती करी बोटे चाटून खाल्ली. वय झाल्यावर जिभेला नवे काही आवडत नाही म्हणतात, ते खरे नसावे.

जेवण होताना स्वयंपाकघरातून आचारी बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. माझा जुना विद्यार्थी निघाला. येथून दोन कोसांवरच्या वाडीतला, महादेव कोळ्यांचा मुलगा. पुण्याला हॉटेलात भांडी घासता घासता स्वयंपाक शिकला आणि आता परत आला होता. "बाई, तुमच्यासाठी त्यांचं मासळीचं पाणी घातलं नाही, मीठच घातलं," म्हणाला. "कोळिंजन पुण्याहून आणतो. गवती चहा मात्र आपल्या परसातला." मला इतके बरे वाटले की काय सांगू! मग तो म्हणाला, "बाई, उद्या घरी या ना जेवायला. आईनं काळभात राखून ठेवलाय. कुर्डूची भाजी करील. श्रावण आहे, घरात वशाट नाही."

आणि मी म्हणाले, "अरे, उद्या माझा गुरुवार."

माझा गुरुवार सुटून नऊ वर्षे झाली. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तेव्हाच उपास बंद केला. मुलीने चमकून माझ्याकडे पाहिले. बोलली काही नाही. तो मात्र समजुतीने मान हलवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसात कोणाचे तरी पोर भिजत आले आणि दारात डबा ठेवून गेले. उघडून पाहिले तर आत वरईचा भात आणि दाण्याची आमटी. "बाईंचा उपास हाय म्हणून आजीनं दिलंय," एवढे बोलून पोर पळाले. वरई घरच्या उतारावरची, उखळात कांडलेली. मध्ये एखादे तूस राहिले होते. मी खोटा उपास सांगितला होता. त्या बाईने तो खरा मानून, उखळाशी बसून, मला फराळ पाठवला होता.

तो डबा समोर ठेवून मी बराच वेळ बसले. मी का नाही म्हणाले? जात पाळते म्हणून? हा प्रश्न स्वतःला विचारायला मला तीन दिवस लागले. आणि माझे उत्तर लगेच 'नाही' असे आले, म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसेना. शाळेत खिचडीच्या वेळी सगळ्यांची एकच पंगत मी बसवत असे. कोणी सरकून बसू लागले तर छडी दाखवी. पण त्या पंगतीत मी स्वतः कधी बसले होते का? मी वाढत असे. वाढणारा उभा असतो.

सासूबाईंच्या नेमाचा अर्थ मला या वयात थोडा कळला. त्यात सोवळे होते, उच्चनीच होते, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या तळाशी आणखी एक भीती होती, मिंधेपणाची. ज्याचे अन्न खाल्ले त्याचे काही देणे लागते, असे त्या मानत. ज्याला आपण काही देणे लागू इच्छित नाही त्याच्याकडे जेवू नये, हा त्यांचा हिशेब. तो कठोर असेल; खोटा नव्हता. अन्नाने नाते जडते हे त्या पक्के जाणून होत्या, म्हणून तर त्या इतक्या जपत. आम्ही पुढची पिढी उदार झालो ती कशाने? मला वाटते, खानावळीने. पैसे मोजले की अन्न परके राहत नाही आणि आपलेही होत नाही. हिशेब तेथेच मिटतो. सयामी माणसाची करी मी आनंदाने खाल्ली. तो आनंद खरा होता, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण तो सयामी माणूस उद्या माझ्या ओट्यावर येऊन बसणार नव्हता. विद्यार्थ्याची आई येऊन बसली असती. 'बाई, त्या दिवशी आमच्याकडं जेवलात ना,' असे तिला म्हणता आले असते. दूरच्याचे अन्न आवडून घ्यायला काही पडत नाही. मी आयुष्यभर ज्याला मनाचा मोठेपणा समजत आले, तो काही अंशी केवळ अंतराचा फायदा होता!

पण दूरच्याचे तरी काही देणे नसते का? नातीने यात आणखी भर घातली. माझी फजिती तिला आईकडून कळली होती. पण पोरगी शहाणी, तिने फक्त उपासाचा विषय काढला. "आजी, साबुदाणा कुठला माहीत आहे?" मी म्हटले, सेलमचा, पुडीवर लिहिलेले असते. "तो आता. त्याच्याआधी?" मग तिने सांगितले ते ऐकून मी थक्क झाले. 'सागू' हा शब्द मलायी. तिकडच्या बेटांवर एक ताडासारखे झाड असते. त्याच्या खोडातल्या गराचे दाणे करून मलाया-जावाकडून इकडे येत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, जपान्यांनी सिंगापूर घेतले आणि ही आवक तुटली. त्याच सुमारास सेलमकडे शाबुकंदापासून तसेच दाणे करण्याचा धंदा उभा राहिला. नाव तेच राहिले, दिसायलाही तसेच. आणि शाबुकंद तरी कुठला? दक्षिण अमेरिकेतला. खिचडीतले शेंगदाणे, बटाटा, मिरची ही सगळी अमेरिकेकडचीच मंडळी. याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. ज्ञानेश्वरांपुढे आपली उपासाची खिचडी ठेवली असती तर त्यांच्या ओळखीचे त्यात तूप, जिरे आणि मीठ एवढेच निघाले असते.

उलट ती वरई! वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तिच्या नावात सुमात्रा बेट घातले आहे, आणि धान्य मात्र मूळचे भारतातलेच. म्हणजे ज्या साबुदाण्याला मी कडक उपासाचे, आपले, पवित्र म्हणून खात आले ते परान्न. आणि जे परक्याच्या घरचे म्हणून टाळले ते या मातीतले. हे सांगताना नात हसत होती. मला हसू येईना.

जायफळाचेही तसेच. या दिवाळीत तुमच्या करंजीच्या सारणात, बासुंदीत ते असेलच. जगाला कित्येक शतके जायफळ पुरवले ते मोलुकस बेटांतल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांनी. १६२१ साली डच कंपनीच्या कून नावाच्या गव्हर्नरने, जायफळ दुसऱ्या कोणाला विकता येऊ नये म्हणून, तेथली बहुतेक वस्ती मारली, हाकलली किंवा गुलाम करून नेली. त्यातलेच रन नावाचे एक बेट इंग्रजांनी १६६७ च्या तहात डचांना सोडले, आणि डचांनी इंग्रजांकडे राहू दिले ते आजचे न्यूयॉर्क. मुलांना भूगोल शिकवताना हे मी रंगवून सांगत असे. त्याच दिवशी घरी बासुंदीत जायफळ किसताना मात्र मला ते कधी आठवले नाही. मी वाण्याला पैसे दिले होते. पण पैशाने मिटतो तो माझा आणि वाण्याचा हिशेब. बाकीचा कोणी मिटवायचा, आणि कसा, हे मला सांगता येत नाही. जायफळ टाकणे बंद केल्याने बांद्याचे मेलेले उठणार नाहीत. यंदाही मी ते घातले. फक्त किसणी हातात असताना आता ते नाव आठवते. याने काही साधते का? सुनेला विचारले तर ती म्हणेल, "आई, बासुंदी आटतेय, तिकडे बघा."

दूरच्या देण्याचे मला काही करता येण्यासारखे नाही. जवळचा डबा मात्र घासून फडताळात उभा होता, आणि डबा रिकामा परत करू नये. त्यात काय घालायचे यावर मी फार विचार केला. लाडू दिले असते तर ते 'बाईंनी दिलेले' झाले असते, पुन्हा वाढणेच झाले असते. शेवटी नातीला म्हटले, "ती करी आपण घरी करू." गवती चहा परसातून कापला, कोळिंजनाचा तुकडा विद्यार्थ्याने दिला, लिंबाची पाने घातली. नारळ खवून दूध पिळताना माझे मनगट भरून आले. करी दिसायला बरी झाली. चवीला हॉटेलातल्यासारखी नव्हती. काही तरी कमी होते, किंवा नारळ जास्त होता.

वाडीवर गेले ती रिक्षाने, पुढे चिखलातून पायी. विद्यार्थी कामावर होता. त्याची आई ओट्यावर नागली पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवले, पदराने पाट पुसला. मी डबा पुढे केला. "तुमच्या लेकाकडून शिकून केलं आहे," म्हणाले. तिने झाकण उघडले, वास घेतला, हिरव्या रंगाकडे जरा वेळ पाहिले आणि झाकण हळूच लावले.

"बाई, आज माझा सोमवार हाय," ती म्हणाली. "पोरं खातील."

मी मनात वार मोजला. सोमवार होता, श्रावणातलाच. निघताना माझ्या ध्यानात आले नव्हते. तरी मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. तिला माझा गुरुवार कळला होता का, हे त्या चेहऱ्यावरून काही वाचता आले नाही, आणि विचारणार तरी कसे? ती आत गेली. ताटलीत काळभात, कुर्डूची भाजी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली, आणि माझ्यापुढे ठेवून समोर बसली. भाताला कोंदट, गोडसर वास होता. ती जेवत नव्हती. मी जेवत होते आणि ती पाहत होती.

"अजून घ्या," ती म्हणाली.

मी ताटली पुढे केली.