पांगणे आणि पांगवणे : क्रियापदांची नैतिकता

विघटनवाचक शब्द निरागस नसतात. इंग्रजीतील 'डिस्पर्स', 'स्कॅटर', 'डिझॉल्व्ह' ही क्रियापदे एकाच रूपात सकर्मकही चालतात आणि अकर्मकही. धुके 'डिस्पर्स' होते, जमावही होतो. आणि घोडदळ जमावाला 'डिस्पर्स' करते. कर्ता वगळला की कृतीची घटना होते आणि घटनेला निसर्गक्रमाची कळा येते.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर संसदीय सुधारणांसाठी सुमारे ६०,००० लोक जमले होते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावरून घोडदळ त्यांच्यावर तुटून पडले. किमान १५ माणसे मारली गेली, शेकडो जखमी झाली. या प्रसंगाविषयी 'सभा पांगली' हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे, खोटेही नाही. तरीही ते अप्रामाणिक आहे. त्या काळी अमलात असलेल्या १७१४ च्या दंगलविषयक कायद्यातील उद्घोषणा तर जमावाने 'स्वतःला पांगवावे' अशी आज्ञा करते. म्हणजे पांगवणाराही जमावच.

मराठी 'पांगणे–पांगवणे', 'फुटणे–फोडणे' असा भेद रूपातच राखते. म्हणून ती अधिक नीतिमान ठरत नाही. 'जमाव पांगवण्यात आला' ही वृत्तपत्री रचना कर्त्याला आडोसा देतेच. व्याकरण सोय पुरवते. निवड वापरणाऱ्याची असते.

देरिदांच्या 'डिसेमिनेशन' (१९७२) या ग्रंथानंतर अर्थाच्या विखुरण्याला स्वामी नसतो, हे मानणे समीक्षेच्या अंगवळणी पडले. संहितेपुरते ते मान्य करता येईल. परंतु हीच परिभाषा विस्थापितांच्या साहित्याला लावताना थांबले पाहिजे. तेथे 'कोणी विखुरले?' हा प्रश्न गैरलागू नव्हे, तर पहिला आहे.